भरतीताईंनी न ऐकलेली गोष्ट

भरतीताईंचं नाव भारती नव्हतं, आणि भरती तर नव्हतंच. विद्यापीठाच्या लेखन केंद्रात कार्यक्रम असला की सभागृह भरायची जबाबदारी त्यांची, म्हणून ग्रंथपालांनी एकदा चहाच्या वेळी त्यांना 'भरतीताई' म्हटलं आणि ते चिकटलं. नव्या विद्यार्थ्यांना वाटायचं आपण चुकीचं ऐकलं. ते सुधारून 'भारती मॅडम' म्हणायचे. ताई कुणालाच काही बोलायच्या नाहीत. हाक मारली की ओ द्यायची, आणि आणखी चार खुर्च्या मांडायला लावायच्या, एवढंच.

खुर्चीचं हे वेड माहेरून आलेलं. त्यांचे वडील एका नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर बसायचे. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन गेलं की खिडकीआडचा त्यांचा चेहरा बघूनच ताईंना कळायचं, आज प्रयोगाला माणसं किती. नाटक चांगलं की वाईट, याच्याशी वडिलांना काही देणंघेणं नव्हतं. "रिकामी खुर्ची म्हणजे तोंडावर दिलेली शिवी," असं ते म्हणत. पडदा वर जायच्या आधी ते स्वतः आत जाऊन मागच्या रांगांतली माणसं पुढे बसवत, म्हणजे नटाला निदान समोरचं तरी भरलेलं दिसावं. ताईंनी हे सगळं पाहिलं होतं. पुढे लग्न झालं, नवरा फ्रीज दुरुस्त करणारा, स्वभावाने थंड, मुलगी झाली, ती मोठी झाली, आणि मग चाळिशीच्या पुढे लेखन केंद्रात सहायकाची जागा निघाली तेव्हा मुलाखतीत संचालकांनी विचारलं, "तुम्हाला साहित्याची आवड आहे का?" ताईंनी खरं ते सांगितलं, "वाचन बेताचंच आहे सर. पण माणसं मी आणीन." संचालक हसले. त्यांना नेमकं तेच हवं होतं.

लेखन केंद्र म्हणजे जुन्या प्रयोगशाळेचा वरचा मजला. भिंतीलगतची सिंकं तशीच होती; त्यांच्यावर फळ्या टाकून पुस्तकं मांडली होती. एखाद्या नळाला पाणी यायचंही, त्यामुळे कादंबऱ्यांच्या रांगेखालून मधूनच गुळगुळ आवाज यायचा. दिवसा विद्यार्थी निबंध घेऊन यायचे, शनिवारी गावातल्या कुणालाही लिहायला बसता यायचं, आणि महिन्यातून एकदा वाचनाची संध्याकाळ. कुणी कवी, कुणी कथाकार येई, आपलं लिहिलेलं वाचून दाखवी, मग प्रश्नोत्तरं, मग चहा आणि केकचे तुकडे.

पहिल्या वर्षी या संध्याकाळींना येणारी माणसं म्हणजे पाहुणा, संचालक, ग्रंथपाल आणि पावसापाण्यात आडोसा शोधत आलेला एखादा. ताईंना ते बघवेना. त्यांनी वसतिगृहांत फेऱ्या मारल्या, बँकेत जाऊन पत्रकं वाटली, शिवणाच्या वर्गाला गळ घातली. शेवटी त्यांना एक हुकमी जागा सापडली. विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर एक वृद्धाश्रम होता. संध्याकाळी तिथल्या माणसांना जायला कुठे नसायचं आणि विद्यापीठाची बस त्या वेळी उभीच असायची. दोन्हींची गाठ घालून दिली की झालं.

मात्र आश्रमातली मंडळी सुरुवातीला हलेनात. ताई पहिल्यांदा गेल्या तेव्हा व्हरांड्यात सगळे बसले होते. एका आजोबांच्या अंगावर घरातही कोट होता. त्यांना सगळे सूटवाले आजोबा म्हणत. ते म्हणाले, "आम्ही येऊन काय करणार? तिथं सगळी शिकलेली माणसं. ते वाचणार आणि आम्ही पेंगणार."

"असं काय म्हणता?" ताई म्हणाल्या. "आज त्यांचं ऐका. पुढच्या वेळी तुम्हीच वाचायचं!"

आपण रस्त्यात कुणाला 'या एकदा घरी' म्हणतो तेव्हा त्यात वार ठरलेला नसतो. ताईंचं वाक्य त्या जातीचं होतं. पण व्हरांड्याच्या टोकाला एक बारीक चणीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"हॅलो," त्या म्हणाल्या. "म्हणजे आम्ही लिहिलेलं?"

"हो तर. तुम्ही लिहिलेलं."

या हॅलोआजी. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला, त्यामुळे समोर उभ्या असलेल्या माणसाशीही बोलायला सुरुवात करताना त्यांच्या तोंडून आधी 'हॅलो' निघे. आश्रमातल्या मांजरालाही त्या हॅलो म्हणत. आवाज अजून खणखणीत, कान तिखट, आणि जिभेला हाड म्हणून नाही.

त्या संध्याकाळी बसभरून माणसं आली. सभागृह भरलं. पाहुणा कवी खूश झाला, संचालक त्याहून खूश झाले. अहवालात 'ज्येष्ठ नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहिलं गेलं. ताई दाराशी उभ्या राहून भरलेल्या रांगा बघत राहिल्या. पाहुण्यानं काय वाचलं ते त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यांचं लक्ष खुर्च्यांवर असायचं. कानापर्यंत शब्द यायचे आणि तिथून परत जायचे.

हॅलोआजींनी मात्र ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं. पुढच्या महिन्यात बसमध्ये चढताना त्यांनी विचारलं, "मग, माझा नंबर कधी?"

"लवकरच, आजी."

"लिहून तयार आहे हो."

त्या महिन्यात वेळ पुरला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात पाहुण्यांचं विमान उशिरा आलं आणि सगळंच आटोपशीर करावं लागलं. मग परीक्षा आल्या. दर वेळी कारण खरंच असायचं, हेच वाईट. खोटं कारण द्यावं लागलं असतं तर ताईंना निदान टोचलं असतं. आश्रमाच्या मेट्रनबाईंचा एकदा फोन आला. "तेवढी एकदा तारीख देऊन टाका हो. त्या रोज जेवण झालं की आमच्यापुढे सराव करतात. आम्हाला पाठ झालंय सगळं, तरी हसू येतंच."

'हसू येतं' हे शब्द ताईंनी ऐकले होते. नंतर आठवलं तेव्हा ते नेमके आठवले. फोन कानाशी धरून त्या तेव्हा केकवाल्याला खुणेनं ट्रे कुठे ठेवायचा ते सांगत होत्या.

अखेर तारीख दिली. त्या संध्याकाळी एक मोठे कादंबरीकार येणार होते. ज्यांची पुस्तकं विमानतळावर विकली जातात असे. सभागृह काठोकाठ भरलं. ताईंना काही करावंच लागलं नाही, उलट जास्तीच्या खुर्च्या खालच्या मजल्यावरून आणाव्या लागल्या. आश्रमाची मंडळी नेहमीच्या रांगेत बसली. हॅलोआजींनी इस्त्रीचे कपडे घातले होते, केस चापून बसवले होते, आणि मांडीवर कागद होते. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी लहान अक्षरांत लिहिलं होतं, 'समाजातील लेखक'. आजींनी ते बोट ठेवून शेजारच्या सूटवाल्या आजोबांना दाखवलं.

कादंबरीकार वाचायला लागले ते थांबेनात. मग प्रश्न सुरू झाले, आणि एकेक प्रश्न म्हणजे छोटं भाषणच. संचालक वाकून ताईंच्या कानाशी म्हणाले, "आजींचं राहू दे का आता? पुढच्या वेळी घेऊ."

ताईंना आजींची दया आली. त्यांना खरंच वाटलं की आपण आजींची बाजू घेतो आहोत. "नको सर, कितीदा टाळायचं? चहासोबत होऊन जाऊ दे ना."

संचालकांनी मान हलवली आणि माइकवर जाऊन सांगितलं, "चहा मागे मांडला आहे. आणि हो, आपल्या एक ज्येष्ठ भगिनी दोन शब्द वाचणार आहेत. चहा घेत घेत ऐकू या."

खुर्च्या सरकल्याचा एकच आवाज झाला. सगळं सभागृह पाठ फिरवून चहाच्या टेबलाकडे गेलं. ध्वनियंत्रणावाल्याला त्याच संध्याकाळी दुसऱ्या इमारतीतही काम होतं. त्यानं संचालक उतरल्या उतरल्या माइकचं बटण बंद केलं आणि वायर गुंडाळायला घेतली. हॅलोआजी पायरी चढून उभ्या राहिल्या, चष्मा नीट केला, आणि माइकच्या दांडीपुढे तोंड नेऊन म्हणाल्या, "हॅलो."

कुणाला ऐकू गेलं नाही.

ताई तेव्हा दाराबाहेर होत्या. कादंबरीकारांची गाडी फाटकावर अडली होती, त्यासाठी पहारेकऱ्याशी फोनवर बोलत होत्या. दाराला काच होती. काचेतून त्यांना आजी दिसल्या, बोलणाऱ्या, एक हात किंचित उचललेल्या. आणि माइकवरचा हिरवा दिवा विझलेला दिसला. तो त्यांना दिसला, यात शंका नाही. आत जाऊन 'जरा माइक लावा हो' एवढंच म्हणायचं होतं. पण फोनवर पहारेकरी "कुठली गाडी?" म्हणून विचारत होता, आत चहाचं टेबल गजबजलं होतं, आणि तेवढ्यात आजींनी मान वर करून बरोबर दाराकडे पाहिलं. काचेच्या या बाजूला ताई, त्या बाजूला आजी.

ताईंनी फोन खांद्याशी दाबून धरला, हसल्या, आणि अंगठा वर करून दाखवला. मग वळून जिन्याकडे गेल्या.

परत आल्या तेव्हा वाचन संपलं होतं. आश्रमाच्या रांगेतले चारपाच जण टाळ्या वाजवत होते. छायाचित्रं काढणारा विद्यार्थी आजींना 'इकडे बघा' म्हणत होता. कादंबरीकार केक खाता खाता हात पुसून सह्या देत होते.

बसमध्ये सगळ्यांना बसवून देताना ताई नेहमीप्रमाणे आत चढल्या. हॅलोआजी खिडकीशी होत्या. त्यांनी विचारलं, "मग? कसं वाटलं?"

"फार छान, आजी!" ताई म्हणाल्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण त्यांना आजींना काहीतरी जास्तीचं द्यावंसं वाटलं. "खरं सांगू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं."



"पाणी आलं?" आजी म्हणाल्या.

"हो ना. अगदी भरून आलं."

"अगं," हॅलोआजी सावकाश म्हणाल्या, "राँग नंबरच्या गमती होत्या त्या."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. सूटवाले आजोबा खिडकीबाहेर बघायला लागले. ताईंच्या कानशिलापासून गळ्यापर्यंत रक्त चढलं.  'हसून हसून पाणी आलं' असं म्हणावं असं त्यांना सुचलंही, पण आपण 'भरून आलं' असं आधीच बोलून बसलो हे त्याच क्षणी ध्यानात आलं.

त्यांना सोडवलं ते आजींनीच. "असू दे," त्या म्हणाल्या. "लाइन खराब असली की भलतंच ऐकू जातं. चला ड्रायव्हरदादा, निघा."

बस गेली. ताई फाटकाशी उभ्या राहिल्या. आत जाऊन केकचे उरलेले तुकडे डब्यात भरायचे होते, खुर्च्या मिटायच्या होत्या. त्या खुर्च्या मिटताना त्यांनी एकही नीट मिटली नाही. बोटं मध्ये सापडली, तरी त्या मिटत राहिल्या.

घरी जेवताना नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" ताईंनी सांगितलं. डोळ्यांत पाणी आल्याचं ऐकून तो आधी मोठ्यानं हसला. मुलगीही हसली. मग ताईंचा चेहरा पाहून दोघं थांबले.

"एवढं काय त्यात?" नवरा म्हणाला. "म्हातारी माणसं. विसरून जातील."

"त्या विसरणाऱ्यातल्या नाहीत."

"मग उद्या जाऊन सांग, गडबडीत ऐकायचं राहिलं. कोण खाणार आहे तुला?"

हे इतकं सोपं होतं की ताईंना आणखी लाज वाटली. त्या गेल्या नाहीत. उद्या नाही, परवा नाही. त्यांनी वेगळाच मार्ग शोधला. एक खोटं निस्तरायला दुसरं. ध्वनियंत्रणावाल्याकडे जाऊन त्यांनी विचारलं, त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण असेल ना? त्यातून आजींचं वाचन ऐकायचं, दोन गमती लक्षात ठेवायच्या, आणि मग भेटून त्यांवर मनापासून हसायचं. त्यानं यंत्र लावून दाखवलं. कादंबरीकारांचं शेवटचं उत्तर, टाळ्या, संचालकांचं 'चहा घेत घेत ऐकू या', खुर्च्यांचा आवाज. मग खट्. त्यापुढे काही नव्हतं.

"माइक बंद केला ना मी," तो म्हणाला. "का, महत्त्वाचं होतं का काही?"

"नाही," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हो." आणि तिथून निघाल्या.

त्याच आठवड्यात विद्यार्थ्याने काढलेली छायाचित्रं आली. संचालकांना त्यातलं एक फार आवडलं. हॅलोआजी माइकपुढे उभ्या, चष्म्यावर उजेड पडलेला, हात उचललेला, चेहरा असा की बघणाऱ्यानं बघत राहावं. "हेच!" संचालक म्हणाले. "वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर घेऊ, आणि मोठं करून बाहेर भिंतीवरही लावू. फक्त कडा जरा नीट करून घ्या."

कडा म्हणजे काय ते ताईंना संगणकावर दिसलं. छायाचित्राच्या खालच्या भागात पाठी होत्या. कपाकडे वाकलेल्या, एकमेकांशी बोलणाऱ्या, केकच्या ताटलीवर हात गेलेल्या. एका कोपऱ्यात वायर गुंडाळणारा माणूस. आणि उजवीकडे दाराची काच, तिच्यात एक अंधूक बाई कानाला फोन लावून उभी.

ताईंनी माऊस धरला आणि एकेक बाजू आत सरकवत नेली. आधी कप गेले, मग पाठी गेल्या, मग वायर, मग दार. शेवटी आजी उरल्या आणि उजेड उरला. बघणाऱ्याला वाटावं, समोर मोठी सभा टाचणी पडली तर ऐकू येईल अशी बसली आहे. काम पाच मिनिटांचं होतं. त्यांनी ते केलं, आणि चांगलं केलं. संचालक म्हणाले, "वा! ताई, तुम्हाला नजर आहे."

अंक छापून आला. आश्रमात गठ्ठा पोचला. मेट्रनबाईंनी मुखपृष्ठ चौकटीत घालून व्हरांड्यात टांगल्याचं कळलं. आणि मग पुढच्या कार्यक्रमाची वेळ आली, तेव्हा बस भरायला ताईंना तिथं जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

व्हरांड्यात त्या चौकटीखालीच हॅलोआजी बसल्या होत्या, मांजराशी बोलत. ताईंनी सगळ्यांना तारीख सांगितली, कोण येणार ते सांगितलं. माना डोलल्या.

"माझं नाव नको धरूस या खेपेला," हॅलोआजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. दूध नको म्हणावं तशा म्हणाल्या.

"का हो आजी? बरं नाही का?"

"बरी आहे की. मला बोलायचं होतं, बोलून झालं. आता दुसऱ्यांना ने."

ताई तिथंच बाकावर बसल्या. बाकीचे उठून आत गेले. कुणी मुद्दाम गेलं असेल, कुणी चहासाठी. ताई म्हणाल्या, "आजी, ते तुमचं मला एकदा ऐकवाल का?"

"तू ऐकलंस ना? पाणी आलं म्हणालीस."

चेष्टा होती का, हे ताईंना चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी पायाखालच्या फरशीकडे बघत सांगितलं, "नाही ऐकलं. एक शब्दसुद्धा नाही. मी बाहेर होते."

"माहीत आहे."

"माइक बंद होता. मला दिसलं होतं. मी आत आले असते तर..."

"तेही माहीत आहे. काचेतून दिसत होतीस ना तू मला." आजींनी मांजराला मांडीवरून खाली सोडलं. "अंगठा दाखवलास. मला वाटलं, म्हणते आहे, थांबा, आत्ता येते. म्हणून मी जरा थांबलेसुद्धा. मग तू गेलीस."

ताईंना वाटत होतं की काचेवरच्या उजेडात अंगठा तेवढा आजींना दिसला नसावा. त्या एकाच गोष्टीवर त्यांची सगळी भिस्त होती. आता तीही गेली. त्यांना रडू आलं, आणि आपल्याला आत्ता रडू येतंय याचीच इतकी शरम वाटली की त्यांनी पदराने, रुमालाने, हाताला येईल त्याने तोंड दाबलं.

"अगं, आता खरंच पाणी आलं की," आजी म्हणाल्या, आणि ताईंच्या पाठीवर थोपटलं. 

"मग ऐकवाल?" ताईंनी नाक पुसत विचारलं. "इथं, मला एकटीला?"

"नाही."

"रागावलात."

"रागावले होते. आठवडाभर जेवण गेलं नाही मला, खोटं कशाला बोलू? आता राग नाही. पण ऐकवणार नाही." आजी जरा विचार करून बोलल्या. "मी आत्ता वाचलं, तर तू हसशील. हसावंच लागेल तुला. पहिल्या ओळीपासून हसत सुटशील बिचारी. मग मला कळणार कसं, गंमत होती की नव्हती? नको. तसल्या हसण्यात जीव रमत नाही माझा."

 ताईंनी उठताना चौकटीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काढून टाकू का?"

"राहू दे. बरी दिसते आहे मी त्यात," आजी म्हणाल्या. "फक्त मांजर विचारतंय, समोरची माणसं कुठं गेली?" आणि स्वतःच हसल्या. ताईंना हसताही येईना, न हसताही राहवेना.

विद्यापीठात परतल्यावर ताई थेट संचालकांकडे गेल्या. म्हणाल्या, "सर, यापुढे मी बस भरून माणसं आणणार नाही. आणि गावातल्या, आश्रमातल्या कुणाला वाचायचं असेल तर त्यांचं आधी होईल. पाहुणे नंतर."

"पाहुणे थांबतील?" संचालकांनी विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच काळजी वाटली. "आणि सभागृह रिकामं राहिलं तर?"

"राहील."

 तिकीट खिडकीआडचा वडिलांचा चेहरा तेव्हा ताईंना दिसला असणारच.

पुढचा कार्यक्रम खरोखर रिकामा गेला. पाहुणी कवयित्री तीन रांगांना वाचून दाखवून गेली. संचालक दोन दिवस ताईंशी तुटक बोलले. ग्रंथपालांनी विनोद केला, "आमच्या भरतीला ओहोटी लागली."  त्या कार्यक्रमात ताई पहिल्यांदाच सभागृहात आत बसल्या होत्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्यांना आढळलं की त्यांना ऐकताच येत नाही. दोन ओळी झाल्या की नजर दाराकडे जाई, मोजायला लागे. मांडीवर हात दाबून त्या स्वतःला परत आणत, आणि तोवर कवितेचं मधलं गाव मागे पडलेलं असे. इतकी वर्षं या जागेत काढून आपल्याला एवढं साधं येत नाही, हे कुणाला सांगायचं?

पुढे काही महिन्यांनी सूटवाल्या आजोबांनी स्वतःहून निरोप पाठवला की त्यांनी काही लिहिलं आहे, चालेल का. ताईंनी त्यांचं वाचन सगळ्यात आधी ठेवलं. माइक आधी लावून, आजोबांना त्यात बोलून बघायला लावलं. त्यांच्याबरोबर आश्रमातले मोजकेच आले, ज्यांना यायचं होतं ते. त्यांत हॅलोआजी होत्या. ताईंना बघून म्हणाल्या, "हॅलो. मी ऐकायला आले हं फक्त." आणि पलीकडे जाऊन बसल्या.

आजोबा आपल्या पहिल्या कोटाबद्दल वाचत होते. मुलाखतीला जाताना मित्राचा उसना घातलेला, खिशात मित्राच्या प्रेयसीची चिठ्ठी निघालेला. आश्रमाची मंडळी गडगडाटी हसली. विद्यार्थीही हसले. ताई हसल्या, आणि आपण हसलो हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

नेमका तेव्हा त्यांचा फोन थरथरला. पाहुण्यांची गाडी फाटकाशी आली होती आणि पहारेकरी आत सोडत नव्हता. पाय आपोआप जमिनीवर रोवले गेले, पाठ खुर्चीपासून सुटली, ताई अर्ध्या उठल्याच. मग थांबल्या. आजोबा पान उलटत होते. ताई परत बसल्या, फोन उपडा केला. संचालकांनी मागून पाहिलं, उसासा टाकला आणि स्वतःच जिना उतरून फाटकाकडे गेले.

ताईंनी हळूच बाजूला पाहिलं. हॅलोआजींनी त्यांचं उठणं पाहिलं होतं आणि बसणंही.  चष्मा वर सारून पुन्हा आजोबांकडे बघू लागल्या. ताईंचे कान तापले. पुढची दोन वाक्यं त्यांच्या हातून निसटली. तिसरं मात्र त्यांनी धरलं, आणि मग वाचन संपेपर्यंत त्या खुर्चीच्या कडेला घट्ट धरून बसून राहिल्या.